फादर स्टीफन्स यांच्या ओव्या

इ. स. १५७९ च्या एप्रिलांत थॉमस स्टीफन्स नामक इंग्रज जेजुइट लिस्बनहून गलबतानें निघाले व आफ्रिकेस वळसा घालून ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. ते रोमन पंथाचे. तथापि त्यांचें स्मरण आम्हांस उचित वाटतें. पूर्वीं तोफा घेऊन आलेल्या पोर्तुगीजांनीं साष्टी प्रांतांतील देवळें पाडलीं होतीं. १५८३ सालीं संतप्त कुंकळ्ळीकरांनीं ५ मिशनरी मारले. सरकारनें गांवच्या पुढाऱ्यांस मारून सूड घेतला. त्याच साष्टींत स्टीफन्स लोकांची भाषा शिकले, व पवित्र शास्त्रांतील कथा त्यांनीं मराठींत गाइल्या. सुमारें ११,००० ओव्या! ओवी परकी नव्हे. आमच्या ठाकुरवाडीकडील आज्या जात्यावर ओव्याच म्हणत. हें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन अक्षरांत छापलें गेलें. १६१९ सालीं ते गोव्यांतच निवर्तले. मायदेश त्यांस पुन्हा दिसला नाहीं.