दहा थाट, दहा शब्द : पंडित विष्णू नारायण भातखंडे

इंग्रजीचा कठीण शब्द पाठ होतो आणि परीक्षा संपताच विस्मरणात जातो, ही तक्रार वसतिगृहात नेहमीच ऐकू येते. घरी गोरमाटी, वर्गात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या रोज चढणाऱ्या पोहरादेवी परिसरातील मुलांना ती अधिकच जाणवते. एकटा शब्द निसटतो. कुणाच्या आयुष्यातील प्रसंगाशी बांधलेला शब्द टिकतो. म्हणून येथे एका थोर संगीतरचनाकाराचे चरित्र दहा इंग्रजी शब्दांच्या सोबतीने सांगितले आहे.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीतही होते. ‘ऑक्युपेशन’ हा शब्द तुम्हांला परिचित आहे. वकिली हे भातखंडे यांचे ऑक्युपेशन, म्हणजे चरितार्थाचे साधन होते. संगीत हे मात्र त्यांचे ‘व्होकेशन’, म्हणजे अंतःकरणाने स्वीकारलेले जीवनकार्य होते. हा पहिला शब्द.

पुढे पत्नी आणि एकुलती कन्या यांचा थोड्याच वर्षांच्या अंतराने मृत्यू झाला. आप्ताच्या मृत्यूने येणाऱ्या वियोगाला ‘बिरीव्हमेंट’ म्हणतात. घर रिकामे झाले, तेव्हा त्यांनी उरलेले आयुष्य संगीताला वाहिले.

१९०४ मध्ये ते दक्षिण भारताच्या प्रवासास निघाले. त्यानंतर पूर्वेकडे आणि उत्तरेकडेही गेले. प्रवासाच्या आखलेल्या मार्गक्रमाला ‘इटिनररी’ म्हणतात. त्यांच्या इटिनररीत ग्रंथालये, राजदरबार आणि गवयांची घरे होती. ठिकठिकाणी त्यांनी जुन्या ग्रंथांची ‘मॅन्युस्क्रिप्ट’, म्हणजे हस्तलिखिते पाहिली. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांच्या पद्धतीचा परिचय झाला आणि उत्तरेच्या रागांचीही अशी मांडणी करता येईल, हा विचार दृढ झाला.

परंतु ग्रंथ मिळाले, तरी गाणे सहज मिळेना. घराण्याच्या चिजा हे अनेक उस्तादांचे पिढीजात धन आणि पोटापाण्याचे साधन होते. परक्याला ते देण्यास ते ‘रिलक्टंट’, म्हणजे अनुत्सुक होते. भातखंडे यांनी शिष्यत्व पत्करले, वर्षानुवर्षे ऐकले, विनवले आणि लिहून घेतले. त्यासाठी त्यांनी सोपे ‘नोटेशन’, म्हणजे स्वरलेखन वापरले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब. एवढ्या खुणांनी कंठातले गाणे कागदावर उतरले. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा अशा रीतीने सर्वांसाठी खुल्या झाल्या.

सातवा शब्द ‘क्लासिफिकेशन’, म्हणजे वर्गीकरण. त्यांनी राग दहा थाटांत विभागले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. सर्वच राग या दहा घरांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप जाणकारांनी घेतला आहे. तरीही नव्या विद्यार्थ्याला आजही याच वाटेने आत नेले जाते.

भातखंडे यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. लेखकाने घेतलेल्या अशा टोपणनावाला ‘सूडोनिम’ म्हणतात. या शब्दाच्या आरंभी ‘पी’ लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्यांनी रचलेली लक्षणगीते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. लक्षणगीतात रागाची व्याख्याच गाण्याचे शब्द होऊन येते. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य, गंधार वादी आणि धैवत संवादी, हे वेगळे घोकावे लागत नाही. गाता गाता ते आपोआप मुखोद्गत होते. आपण आज इंग्रजी शब्दांसाठी जी युक्ती योजली आहे, ती मुळात त्यांचीच आहे.

१९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिला महाराज सयाजीराव गायकवाड यांचे ‘पेट्रनेज’, म्हणजे राजाश्रय लाभला. ज्यांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले, तेच हे सयाजीराव. या परिषदेत भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीत निबंध वाचला. त्यांनी मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली, संस्कृतात शास्त्र मांडले आणि देशभरच्या विद्वानांपुढे इंग्रजीत विवेचन केले. एका भाषेसाठी त्यांनी दुसरी सोडली नाही.

पुढे १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस संगीत महाविद्यालय त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. लखनौची ती संस्था आज विद्यापीठ असून त्यांचेच नाव धारण करते. अखेरची वर्षे पक्षाघाताने अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तकमालिकेचे प्रकाशन त्यानंतर पूर्ण झाले. मरणोत्तर प्रकाशित होणाऱ्या अशा ग्रंथाला ‘पॉस्च्युमस’ म्हणतात. हा दहावा शब्द.

मित्रांनो, तांड्यावर होळीला म्हटली जाणारी लेंगी गीते आजही बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या कंठातच आहेत. या सुट्टीत आजीजवळ बसून एक गीत ऐका. ते गोरमाटीत लिहून घ्या, त्याचा अर्थ मराठीत लिहा आणि त्याच्याविषयी चार वाक्ये इंग्रजीत लिहा. त्या वाक्यांत वरील दहांपैकी तीन शब्द आले, तर ते तुमचे झाले असे समजा. आणि आजीचे गीतही कागदावर राहील.