न दिसणाऱ्या धाग्याचे माप घेणारे दामोदर कोसंबी



आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी तार आणि मणी घेऊन डीएनएची प्रतिकृती बनवली आहे. ती पाहताना नववीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, की हा धागा डोळ्यांना दिसत नाही, मग त्यावरचे अंतर कोणी मोजले, आणि तो वाकतो हे कसे कळले? त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. शोधू लागलो तेव्हा अर्धे उत्तर आपल्या गोव्यातच सापडले. (आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. शब्द चुकल्यास मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.)

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे सांखवाळचे, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. १९१८ साली वडिलांबरोबर दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

तेथे असतानाच, १९४३-४४ च्या सुमारास, इंग्लंडमधील एका नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा लेख छापून आला. विषय होता गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर. आई आणि वडील यांच्याकडून आलेली गुणसूत्रे जोडीने जवळ येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणून किती संततीत ताटातूट झाली ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. मात्र दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र दिसतात आणि मोजणी फसते. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले होते. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी सहसा होत नाही. दूर गेल्यावर ही अडवणूक ओसरते. कोसंबींनी नेमके हेच सूत्रात आणले. १०० पैकी २० संततींत ताटातूट दिसली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर २५.५ एकक येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली, म्हणजे हे काम त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीचे! भात, गहू अशा पिकांचे जनुकीय नकाशे काढताना हे सूत्र आजही वापरतात.

मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. १९४५ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याहून ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत. याच संस्थेत पुढे गिरजेश गोविल, रामकृष्ण होसूर आदींनी वर्णपटाच्या साहाय्याने डीएनएचा अभ्यास केला. प्रबळ चुंबकात ठेवलेल्या द्रावणावर रेडिओ लहरी सोडल्या, की प्रत्येक हायड्रोजन अणू आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे थोड्या वेगळ्या कंपनसंख्येला प्रतिसाद देतो. कोण कोणाजवळ आहे ते त्यावरून कळते, आणि शिडी कुठे वाकते, कुठे सैल होते तेही. इस्पितळातील एमआरआय याच तत्त्वावर चालते. कोसंबींचा या कामाशी थेट संबंध नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

त्यांनी इतिहास लिहिला, जुन्या नाण्यांची वजने तपासली, भर्तृहरीची सुभाषिते संपादित केली. गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकारीवरही लिहिले. पेडणे आणि डिचोली पडले नव्या काबिजादींत, म्हणून आपला भाग त्या लेखाच्या शीर्षकात बसला नाही, एवढी आमची तक्रार!

एक गोष्ट मात्र लपवू नये. रीमान यांचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये छापला, आणि ती सिद्धता चुकीची ठरली. गणितज्ञांत त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. एका पेपरात गुण कमी पडले म्हणून मुलाचे गणितच सोडवू पाहणाऱ्या पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. कोसंबींनी काम सोडले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

सूत्र प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवले आहे. त्यात लॉगरिथम आहे, म्हणून बारावीची मुले शनिवारी ते नववीला सोडवून दाखवतील. त्या मुलीने पहिल्या बाकावर बसावे.