दा. ध. कोसंबी: चेहरा ओळखणाऱ्या गणितामागचे मराठी प्राध्यापक

जून १९४७ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात पालीचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं निधन झालं. त्यांचे पुत्र दामोदर इतिहासकार म्हणून प्रसिद्ध आहेत. पण मित्रांनो, आज त्यांच्या गणिताबद्दल बोलूया, कारण त्याचं नातं आपल्या फोटोंशी आहे.

१९०७ मध्ये गोव्यात जन्म, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलिगढ आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकवत असतानाच १९४३ मध्ये त्यांचा एक पेपर आला. आयडिया अशी: गुंतागुंतीचा डेटा मोजक्या मुख्य पॅटर्न्सची बेरीज म्हणून लिहायचा. फोटोत हजारो पिक्सेल असतात, पण चेहरा ओळखायला थोडेच आकडे पुरतात. १९९० च्या सुमारास चेहरा ओळखणारे प्रोग्रॅम याच आयडियावर बनले.

हीच पद्धत पुढे कारहुनेन आणि लोएव यांनीही स्वतंत्रपणे मांडली, आणि पुस्तकांत नाव त्यांचंच राहिलं.

नंतर होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या टीआयएफआरमध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते कम्प्युटरचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेला गेले. पण अणुऊर्जेवरून त्यांचे भाभांशी मतभेद होते. कोसंबी सौरऊर्जेच्या बाजूचे. १९६२ मध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. १९६६ मध्ये पुण्यात ते गेले.

मशीन लर्निंग शिकताना कारहुनेन-लोएव हे नाव दिसलं, तर फर्ग्युसनच्या या सरांनाही आठवा.