रेव्हरंड टिळक : श्रद्धा आणि संसार

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे पंढरीच्या वाटेवरचे गाव. येथे पुणे-सोलापूर रस्ता सोडला की सुमारे ४० किलोमीटरवर पंढरपूर लागते. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत या वाटेवर ऐकू येते ती अभंगाची, ओवीची आणि कीर्तनाची भाषा. ख्रिस्ताची उपासना या भाषेतही तितक्याच आर्ततेने होऊ शकते, हे महाराष्ट्राला ज्यांनी दाखवून दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांच्या संसारातील एक अत्यंत कठीण कालखंडही याच परिसराशी निगडित आहे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्यापासून दुरावलेल्या लक्ष्मीबाई आपल्या लहानग्या मुलासह काही काळ पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने राहिल्या होत्या. टिळकांचे मोठेपण सामान्यतः त्यांच्या कवितेवरून मोजले जाते. परंतु माणसाची श्रद्धा त्याच्या रोजच्या जगण्यात कितपत उतरली, या कसोटीवरही त्यांचे चरित्र तपासून पाहण्याजोगे आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील तापट, आई भाविक आणि कवितेची आवड असलेली. आईच्या मृत्यूनंतर घर सोडून हा मुलगा नाशिकला आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याचे संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. पुढची अनेक वर्षे टिळक एका गावी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकी, पुराणकथन, कीर्तन, ग्रंथसंपादन असे नाना व्यवसाय त्यांनी केले. त्यांच्या मनाला एकच ध्यास लागला होता. या देशाची अवनती झाली ती धर्म निष्प्राण झाल्यामुळे आणि जातिभेदाने माणसे दुभंगल्यामुळे, असे त्यांच्या बुद्धीला पटले होते. आणि ज्याच्या योगाने समाज पुन्हा सांधला जाईल अशा धर्माचा ते शोध घेत होते.

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. संभाषण कवितेवरून धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. मात्र ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत येताच त्यांचे मन त्या ग्रंथाने पुरते काबीज केले. शत्रूवरही प्रेम करावे, दान गुप्तपणे द्यावे, उद्याची चिंता वाहू नये, ही शिकवण त्यांना तत्त्वचर्चेचा विषय वाटली नाही. ते त्यांना जगण्याचे नियम वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही एका भारतीय पाळकाच्या हातून.

येथवरची कथा एका व्यक्तीच्या आत्मशोधाची आहे. पण संसारी माणसाने घेतलेला निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. लक्ष्मीबाईंवर या बातमीने आभाळ कोसळले. त्या काळी धर्मांतर केलेला मनुष्य कुटुंबाला मेल्यासारखाच असे आणि त्याच्या पत्नीच्या वाट्याला वैधव्याहून विचित्र अशी अवस्था येई. सत्याच्या शोधात निघालेल्या पुरुषाने त्या शोधाची किंमत घरातील स्त्रीकडून न विचारता वसूल करावी काय, हा प्रश्न टिळकांचे चरित्र वाचताना टाळता येत नाही. टिळकांवरील भक्तीपोटी तो दडपणे हे त्यांच्याच सत्यनिष्ठेशी विसंगत ठरेल.

मात्र पुढे जे घडले तेही तितकेच लक्षात घ्यावे लागेल. पत्नीने आपल्यामागून यावे अशी टिळकांची इच्छा होती, पण त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे परतल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. एकाच संसारात दोन धर्म नांदले. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, तो माणसाने रचलेला आहे, हा विचार राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप उगवला आणि त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे परिवर्तन एखाद्या प्रवचनाने झाले असे दिसत नाही. ते पाण्याच्या पेल्यापाशी झाले, आणि म्हणूनच ते पक्के ठरले.

अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे रमले. तेथील ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित जातींतून आलेला होता. विद्वान ब्राह्मण म्हणून वाढलेल्या माणसाने त्या समाजाशी रोटीव्यवहार करणे, त्यांच्या दुखण्याखुपण्यात उभे राहणे, हीच त्या काळी मोठी साधना होती. प्लेगच्या साथीत आणि दुष्काळात या दांपत्याने पोरक्या मुलांना घरात थारा दिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांनाही या घराने मुलासारखे वागवले. त्यासाठी त्यांच्या धर्माची अट कोणी घातली नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मागणाऱ्याला ते हातचे देऊन मोकळे होत आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची विवंचना लक्ष्मीबाईंना पडे. परोपकाराचे पुण्य एकाचे आणि काटकसर दुसऱ्याची, असा हा व्यवहार होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना तो चांगलाच परिचित आहे. तो लक्ष्मीबाईंनी हसत सांगितला, म्हणून त्यातील कष्ट कमी होत नाहीत.

टिळकांचे दुसरे मोठे कार्य उपासनेच्या भाषेचे. त्या काळच्या मंडळ्यांत परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गायिली जात. शेतावर राबणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ती कितीशी आपली वाटणार? टिळकांनी अभंग रचले, टाळमृदंगासह कीर्तने केली, ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. धर्म बदलला म्हणून भाषा, संगीत आणि देशाभिमान टाकून द्यावे लागतात, ही समजूत त्यांनी दोन्ही बाजूंनी खोडून काढली. मिशनऱ्यांच्या वडीलकीवर त्यांनी स्पष्ट टीका केली आणि स्वकीयांच्या बहिष्कारानेही ते कटू झाले नाहीत. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात.

१९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. ती रुजण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले बहुतेक सारे अध्याय लिहून ते पूर्णत्वास नेले.

ज्या श्रद्धेने घर मोडले, तिचेच अपुरे काव्य त्या घरच्या गृहिणीने पुरे करावे, यात टिळकांच्या आयुष्याचा खरा निवाडा आहे. त्यांच्या चुका झाल्या, त्यांचा भार इतरांनी वाहिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांची श्रद्धा रविवारपुरती नव्हती. पंगतीत, आजाऱ्याच्या उशाशी, अनाथाला दिलेल्या जागेत ती दिसत होती, आणि जिला तिची सर्वाधिक झळ लागली तिलाच ती अखेर खरी वाटली. धर्माच्या नावाने माणसे आजही एकमेकांपासून दूर उभी आहेत. अशा वेळी कोणाचा धर्म श्रेष्ठ, हा वाद घालण्यापूर्वी आपला धर्म आपल्या घरच्या माणसांना कसा दिसतो, हे प्रत्येकाने एकदा पाहिले तरी पुष्कळ होईल.