पाणी घातलेले दूध कायदेशीर कसे झाले? दारा खुरोडी यांची गोष्ट

खरवई, बदलापूर, अंबरनाथ भागात तुम्ही सुटे दूध घालत असाल, तर दुधात पाणी म्हटले की नमुना आणि खटला डोळ्यांसमोर येतो. मग पिशवीतल्या टोन्ड दुधात पाणी असूनही ते चालते कसे? याचे उत्तर दारा नसरवानजी खुरोडी (1906–1983) यांच्या कामात आहे.

1940 च्या दशकात मुंबईत दूध महाग होते आणि भेसळही सर्रास चाले. भेसळ रोखायला 1925 चा प्रांतिक कायदा होता. पण तबेले शहरभर विखुरलेले, दूध सुटे आणि मागणी पुरवठ्याहून जास्त. नुसत्या खटल्यांनी पाणी थांबेना.

मुंबईचे दूध आयुक्त म्हणून खुरोडींनी जनावरे शहराबाहेर नेली. 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तिथे सुमारे 16,000 जनावरांची सोय होती. दूध काचेच्या बंद बाटलीतून जाऊ लागले, म्हणजे वाटेत हात घालायला जागा उरली नाही.

त्याआधीच, 1946 मध्ये, त्यांनी टोन्ड दूध आणले होते. हिशेब ढोबळ सांगतो. 6 टक्के फॅट आणि 9 टक्के एसएनएफ असलेले 100 किलो म्हशीचे दूध घ्या. त्यात साडेआठ किलो स्निग्धांशरहित पावडर आणि साडेएक्क्याण्णव किलो पाणी मिसळा. 200 किलो दूध तयार होते, फॅट 3 आणि एसएनएफ साडेआठ टक्के. नुसते पाणी घातले असते तर एसएनएफ साडेचारवर आला असता. पुढे 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली टोन्ड दुधाला हेच मानक मिळाले. नाव सांगून विकले तर माल, लपवून विकले तर गुन्हा.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर मात्र एक गोष्ट खटकते. पावडर परदेशातून स्वस्त येई आणि हिवाळ्यात खेडा जिल्ह्यातले जादा दूध मुंबई घेत नसे. यावरून वर्गीज कुरियन आणि खुरोडी यांचे चांगलेच वाजले. शेवटी 1955 मध्ये आणंदला स्वतःचा पावडर कारखाना निघाला. गंमत म्हणजे 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्रच मिळाला.

नावाचा नियम तुम्हालाही लागू आहे. गाय आणि म्हैस दोन्हींचे दूध एकत्र करत असाल, तर ते म्हशीचे म्हणून विकू नका. ते 'मिश्र दूध' ठरते आणि त्याचे मानक वेगळे आहे: फॅट 4.5, एसएनएफ 8.5 टक्के.