गणवेशाचा अधिकार

नागपूरच्या सदर भागाचे नावच मुळी लष्करी आहे. छावणीच्या मुख्य बाजारास सदर बाजार म्हणण्याचा प्रघात इंग्रजी अमदानीतला. आजही कामठीची छावणी, तेथील ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आणि वायुसेनानगर हा सदरचा शेजार आहे. गणवेश कोणी घालावा, हा प्रश्न अशा वस्तीस परका नाही. म्हणूनच या प्रश्नावर एका वृद्ध अमेरिकन सेनानीने १९९३ साली घेतलेली भूमिका येथेही स्मरणीय ठरते.

बॅरी गोल्डवॉटर यांचा जन्म १९०९ साली ॲरिझोनातील फिनिक्स येथे व्यापारी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष हवाई लढाई त्यांच्या वाट्यास आली नाही. मालवाहू विमानांतून त्यांनी थेट भारतापर्यंत रसद पोहोचविली. युद्धानंतर ॲरिझोनाचे राखीव हवाई दल उभारताना त्यांनी गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या तुकड्या नाकारल्या, त्याही राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या १९४८ च्या आदेशापूर्वी. पराक्रमी महारांना सैन्यभरतीची दारे बंद झाल्याचा आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिल्याचा इतिहास जाणणाऱ्या विदर्भास या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि गोल्डवॉटर यांची ख्याती सनातनी म्हणूनच होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यास त्यांनी सिनेटमध्ये विरोध केला. शासनाने व्यक्तीच्या व्यवहारात ढवळाढवळ करू नये, या तत्त्वापायी वंशभेदाने पोळलेल्यांच्या न्यायाकडे त्यांनी पाठ फिरविली, हा डाग पुसता येत नाही. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन्सन यांच्याविरुद्ध त्यांना अवघी सहा राज्ये लाभली. पुढे ते राखीव हवाई दलातून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. सेनादलांच्या उच्च रचनेत मूलगामी बदल घडविणाऱ्या १९८६ च्या कायद्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

१९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी समलिंगी व्यक्तींवरील लष्करी बंदी उठविण्याचे ठरविताच सेनाधिकारी आणि सिनेट यांतून तीव्र विरोध झाला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या गोल्डवॉटर यांनी मात्र वृत्तपत्रात लेख लिहून बंदी उठविण्याचा पुरस्कार केला. समलिंगी सैनिक पूर्वीपासूनच सैन्यात आहेत. सैनिकाची परीक्षा कर्तव्याने व्हावी, खाजगी जीवनाने नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या तत्त्वाने १९६४ मध्ये त्यांना चुकीच्या बाजूस नेले, त्याच तत्त्वाने या वेळी न्यायाच्या बाजूस उभे केले.

तत्काळ यश आले नाही. मौन पाळल्यास नोकरी आणि सत्य उघड झाल्यास बडतर्फी, अशी तडजोड कायदा झाली. तिच्या पायी तेरा हजारांहून अधिक सैनिकांना सेवा सोडावी लागली. प्रामाणिकपणाची शपथ देणाऱ्या संस्थेने असत्य ही सेवेची अट करावी, हा विपर्यास २० सप्टेंबर २०११ रोजी संपला. तो दिवस पाहण्यास गोल्डवॉटर नव्हते; १९९८ साली त्यांचे निधन झाले होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पण सेनादलांतील मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार घटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी सैन्यात अशा संबंधांना वाव नसल्याचे स्पष्ट केले. शिस्तीची चिंता रास्तच आहे; परंतु ती आचरणाच्या नियमांनी राखता येते. सीमेवर उभ्या असलेल्या जवानास स्वतःची ओळख सहकाऱ्यांपासून लपवावयास लावणे, हे शिस्तीचे लक्षण खचित नव्हे.