बहिणाबाई चौधरी : पावसातली एक भेट

मुलांनो, नंदुरबारहून गाडीत बसलं की दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत आपण जळगावला पोहोचतो. मागच्या श्रावणात मी असाच गेलो होतो. रस्ताभर पाऊस, दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात पोहोचेपर्यंत छत्री असूनही चिंब भिजलो. बहिणाबाई चौधरी ह्याच घरी नांदल्या. त्यांच्या वापरातल्या घरच्या आणि शेतीच्या वस्तू तिथं जपून ठेवल्या आहेत. कवयित्रीचं स्मारक म्हटलं की आपण लेखणी, वह्या शोधतो. पण बहिणाबाईंच्या हातची वही कुठून मिळणार? त्यांना लिहिता-वाचता येतच नव्हतं.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोदा गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. शाळा नाहीच; शेत, घर आणि देव हीच त्यांची शाळा. पुढं ऐन तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं होती : काशी, ओंकार आणि सोपान. त्यात प्लेगच्या साथीनं ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? दळण, पेरणी, निंदणी, कापणी चालूच राहिली आणि कामाबरोबर गाणीही चालू राहिली.

ही गाणी कशावर? घरोट्यावर, मोटेवर, पेरणीवर, सुगरणीच्या खोप्यावर, माणसाच्या चंचल मनावर. भाषा घरातलीच, लेवा गणबोली. दळता दळता ओठांवर यायची आणि हवेत विरून जायची. त्यांतली काही वाचली, कारण मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती ऐकून टिपून घेतली. सोपानदेव पुढं स्वतः नावाजलेले कवी झाले.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं आणि सगळा महाराष्ट्र थक्क झाला. बाईंनी मात्र आपलं पुस्तक पाहिलंच नाही.

१९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं. आपला नंदुरबार जिल्हा ह्याच विद्यापीठात येतो. म्हणजे उद्या तुम्ही पदवी घ्याल, तेव्हा त्या कागदावर एका निरक्षर शेतकरी बाईचं नाव असेल.

बाहेर पाऊस पडत होता आणि मला माझी लाल पेन आठवत होती. एका मुलीनं निबंधात घरचा अहिराणी शब्द लिहिला होता. मी तो खोडला आणि वर्गासमोर तिला ‘शुद्ध लिही’ म्हणून बोललो. त्यानंतर ती वर्गात फारशी बोललीच नाही. बहिणाबाईंच्या शब्दांवरही कुणी अशीच रेघ मारली असती तर?

प्रमाण मराठी शिकायचीच, ती परीक्षेला लागते, पुढंही लागते. पण त्यासाठी घरची बोली टाकून द्यायची नसते. म्हणून ह्या आठवड्याचा गृहपाठ असा : आजीजवळ बसा. तिला येणारी एखादी ओवी, एखादं गाणं अहिराणी, भिली, पावरी, गुजरी, ज्या बोलीत असेल त्याच बोलीत, जसंच्या तसं लिहून आणा. एकही शब्द सुधारू नका. मीसुद्धा सुधारणार नाही.